फिनलंडहून आलेला गिरणी कामगार आणि त्याचा लाकडी पक्षी : एक साधं आयुष्य कसं वाचायचं?

लाकडाचा एक पक्षी. तळहातावर मावेल एवढा. पिसं पोस्टकार्डाइतकी पातळ, पंख मोराच्या पिसाऱ्यासारखे उघडलेले, आणि एवढ्या पिसांमध्ये कुठे सरस नाही की खिळा नाही. छताला दोऱ्याने टांगलेला असतो. खोलीतून कुणी नुसतं चालत गेलं तरी तेवढ्या वाऱ्याने तो स्वतःभोवती सावकाश फिरतो. फिनिश भाषेत त्याला 'लास्तुलिन्तु' म्हणतात. लास्तु म्हणजे ढलपी, लिन्तु म्हणजे पक्षी. ढलप्यांचा पक्षी.

अमेरिकेत जाऊन राहिलेल्या फिनिश लोकांनी ही कला आपल्याबरोबर नेली. करणारा माणूस दिवसभर दुसरंच काहीतरी करत असे. कुणी तांब्याच्या खाणीत, कुणी लाकूड कापायच्या गिरणीत, कुणी लोकरीच्या गिरणीत. तो गेल्यावर घरात दोन गोष्टी उरतात. एक कागदांचं पुडकं, आणि दुसरी त्याने हाताने केलेली चारदोन वस्तूंची पेटी. कागद सांगतात की हा माणूस अमुक साली आला, अमुक गिरणीत राबला, अमुक साली गेला. तो कसा होता हे मात्र पेटीतल्या वस्तूंना विचारावं लागतं. आपल्याकडे ज्यांचे आजोबा-पणजोबा गिरणगावात खपले त्यांना हे वेगळं सांगायला नको. मस्टरवरचा नंबर आणि पाळी सापडते, पण भजनात त्यांचा आवाज कसा लागायचा हे कुठल्याच कागदावर नसतं.

फिनिश गिरणी कामगाराचं आयुष्य कसं उलगडतं ते या लेखात बघू. त्यासाठी मी एक गाव निवडलं आहे : मॅसॅच्युसेट्स राज्यातलं, बॉस्टनच्या पश्चिमेला असाबेट नदीच्या काठचं मेनार्ड. आणि एक माणूस. त्याला मी नाव देत नाही, कारण हजारो जणांच्या बाबतीत जे घडलं तेच मला सांगायचं आहे.

तो निघाला कुठून?

आपला माणूस निघाला तेव्हा फिनलंड स्वतंत्र देश नव्हता. १८०९ पासून १९१७ पर्यंत तो रशियाच्या झारच्या अंमलाखाली होता. साधारण १८७० ते १९३० या काळात तिथून तीन लाखांहून जास्त माणसं उत्तर अमेरिकेत गेली, आणि त्यातली बरीच फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पोह्यानमा या सपाट, शेतीच्या मुलखातली होती.

का गेली? घराघरांत सांगितलं जाणारं उत्तर असतं, 'झारच्या सैन्यात जायला नको म्हणून.' त्यात तथ्य आहे. १८९९ च्या फर्मानाने झारने फिनलंडचे अधिकार आवळले, १९०१ साली सैन्यभरतीचा नवा कायदा आला, आणि १९०२ हे वर्ष स्थलांतराचा उच्चांक ठरलं. त्या एका वर्षात सुमारे २३ हजार लोक निघाले. तरी माझ्या मते मूळ कारण जमिनीत आणि झाडांत होतं. पोह्यानमात पाइनची लाकडं जाळून डांबर काढायचा मोठा धंदा होता. जगभरच्या लाकडी गलबतांना ते डांबर लावत. मग लोखंडी आगबोटी आल्या आणि डांबराला गिऱ्हाईक उरलं नाही. शेत बहुतेक वेळा एका मुलाकडे जाई. बाकीच्यांनी कूळ म्हणून किंवा मजूर म्हणून जगायचं. त्यात १८६६ ते १८६८ च्या दुष्काळाच्या आठवणी. त्या दुष्काळात देशातली सुमारे ८ टक्के माणसं मेली होती. १९०२ साली बोटीत बसलेल्या विशीतल्या पोराने तो दुष्काळ पाहिला नव्हता, पण आजीच्या तोंडून झाडाच्या सालीचं पीठ घालून केलेल्या भाकरीबद्दल नक्की ऐकलं होतं.

वाट ठरलेली होती. फिनलंडच्या दक्षिण टोकाला हान्को बंदर. तिथून बोटीने इंग्लंडमधलं हल, हलहून आगगाडीने लिव्हरपूल, आणि लिव्हरपूलहून अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्क किंवा बॉस्टन. हान्कोहून हलला जाणाऱ्या बोटी माणसांबरोबर लोण्याची पिंपंही नेत. तिकीट पुष्कळदा आधी गेलेल्या भावाने किंवा मामाने अमेरिकेतून पाठवलेलं असे. म्हणून एका गावची माणसं अमेरिकेतही एकाच गल्लीत सापडतात. रत्नागिरीकडच्या एका वाडीतले लोक मुंबईत एकाच चाळीत जमायचे, तसंच.

कागद काय सांगतात

फिनिश माणसाचा शोध घ्यायचा तर पहिली पायरी चर्चचं पुस्तक. त्याला 'रिप्पिकिर्या' म्हणतात. लुथेरन चर्चच्या या पुस्तकात गावातलं एकेक घर पानावर मांडलेलं असे : कोण कधी जन्मलं, कुणाचं लग्न झालं, कोण दुसऱ्या गावी गेलं. आणि एक विलक्षण रकाना वाचनाचा. पाद्री दरवर्षी वाडीवर येऊन लोकांकडून धर्मपुस्तक वाचून घेई आणि प्रत्येकाची वाचनाची तयारी खुणांनी नोंदवी. वाचता आलं नाही तर चर्चचा संस्कार होत नसे, आणि तो झाल्याशिवाय लग्न होत नसे. त्यामुळे अमेरिकेत उतरणाऱ्या फिनिश मजुरांपैकी जवळजवळ प्रत्येकाला वाचता येई. लिहिणं मात्र वेगळं. वाचता येणाऱ्या कित्येकांना लिहिता येत नसे. म्हणून जुनं पत्र हाती आलं तर अक्षर त्याच माणसाचं असेल असं धरून चालू नये. शेजाऱ्याने लिहून दिलेलं असू शकतं.

दुसरी पायरी नाव, आणि इथे बहुतेक शोध अडखळतात. पश्चिम फिनलंडमध्ये आडनाव माणसाचं नसून शेतघराचं असे. माणूस घर बदलून दुसऱ्या शेतावर गेला की आडनाव बदलायचं. लग्न करून बायकोच्या शेतावर राहायला गेलेला नवरा तिच्या घराचं नाव लावायचा. बापाच्या नावावरून ओळखायचीही रीत होती : मत्तीचा मुलगा तो 'मातिनपोइका'. प्रत्येकाने कायमचं आडनाव घ्यावं असा कायदा फिनलंडमध्ये झाला तो १९२० साली. मग अमेरिकेत काय झालं? लांबलचक नावाची शेपटी तेवढी उरली. कुठल्याशा 'यार्वी'ने संपणाऱ्या नावाचा नुसता 'यार्वी' झाला. यार्वी म्हणजे तळं. 'मॅकी' म्हणजे टेकडी, त्याचा कुणी इंग्रजीत 'हिल' केला. योहान्नेस मातिनपोइकाचा 'जॉन मॅटसन' झाला.

लोक सांगतात की न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या कारकुनाने नाव बदललं. ही गोष्ट इतक्या घरांत सांगितली जाते की ती खोटी म्हणवत नाही, पण ती तशी घडत नव्हती. प्रवाशांची यादी बोट सुटायच्या बंदरात तयार होई, आणि बेटावरचा कारकून त्याच यादीवरून नावं ताडून पाही. नाव माणसाने स्वतः बदललं. मुकादमाला उच्चारता यावं म्हणून, पगाराच्या पाकिटावर बसावं म्हणून, पोरांना शाळेत कुणी चिडवू नये म्हणून. हे समजलं की त्या बदललेल्या नावात एक निर्णय दिसायला लागतो.

तिसरी नोंद नागरिकत्वाची. तिच्यामागे मोठी कहाणी आहे. अमेरिकेचा १७९० चा कायदा सांगत होता की परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'गोऱ्या' माणसालाच नागरिक होता येईल. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मिनेसोटात जॉन स्वान नावाच्या फिनिश माणसाचा अर्ज आला तेव्हा सरकारी वकिलाने हरकत घेतली : फिनिश भाषा युरोपातल्या बाकी भाषांसारखी नाही, हे लोक मूळचे 'मंगोल', म्हणजे गोरे नव्हेत. १९०८ साली न्यायाधीशांनी ती हरकत फेटाळली आणि फिनिश माणसं गोरी ठरली. याच कायद्याची धार आपल्या लोकांनाही लागली आहे. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा कापसाच्या व्यापारासाठी न्यूयॉर्कला गेले होते. १९१० साली अपील कोर्टाने त्यांचं नागरिकत्व कायम केलं. पण १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलट निकाल दिला आणि भारतीयांसाठी ते दार बंद झालं. फिनिश मजुराच्या पेटीतला नागरिकत्वाचा कागद हातात घेताना हे ठाऊक असावं. तो कागद मिळणं गृहीत धरण्यासारखं नव्हतं.

मग अमेरिकेची जनगणना, दर दहा वर्षांनी. नाव, वय, धंदा, कुठल्या साली आला, घर भाड्याचं की मालकीचं. जन्मदेश म्हणून कधी 'फिनलंड' लिहिलेलं मिळतं, कधी 'रशिया'. या नोंदी ७२ वर्षं बंद ठेवून मग खुल्या करतात. १९५० ची जनगणना २०२२ साली खुली झाली. पहिल्या महायुद्धात भरतीसाठी भरून घेतलेली कार्डंही आहेत. त्यांवर मालकाचं नाव, जवळच्या नातेवाइकाचं नाव, शिवाय उंची, बांधा, डोळ्यांचा आणि केसांचा रंग. ज्या पणजोबांचा एकही फोटो नाही त्यांचे डोळे निळे होते हे नातवाला अशा कार्डावरून कळतं.

एवढं सगळं जुळवलं तरी हाती येतात पाचसहा ओळी. शेवटच्या ओळीत धंदा : 'लोकर गिरणी'.

गिरणीत दिवस कसा जायचा

मेनार्डची गिरणी १८४६ साली सुरू झाली. गावाचं नावही ती उभारणाऱ्या अमोरी मेनार्डवरून पडलं. १८९९ साली ती अमेरिकन वूलन कंपनी या मोठ्या कंपनीकडे गेली, तिचा पसारा वाढला, आणि कंपनीने कामगारांसाठी घरांची अख्खी वस्ती वसवली. त्या रस्त्यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नावं दिली. गिरणीवर १८९२ पासून घड्याळाचा मनोरा आहे. गावातून मान वर केली की वेळ दिसते.

लोकर गाठोड्यांमधून येते ती मेंढीच्या अंगच्या चरबीसकट, माती-काट्यांसकट. आधी हाताने निवडायची. मग सोडा-साबणाच्या गरम पाण्यात धुवायची. धुऊन झाल्यावर तिचं वजन कधीकधी निम्म्यावर येतं. मग रंगवायची, पिंजायची, कातायची आणि साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, चढवायची. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, दोऱ्यांमधून धोटा इकडून तिकडे फेकला जातो, फणी बाण्याचा, म्हणजे आडवा, दोरा ठोकून बसवते, पुन्हा धोटा. एका खात्यात असे ओळीने साचे. त्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, विणकर ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखायला शिकतात. साच्यावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असतं. ते कोमट साबणपाण्यात चेपून, मळून आटवतात, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात आणि कापड दाट होतं. नवी घोंगडी वर्षानुवर्षं वापरून जशी दाटत जाते, तसं यंत्रात काही तासांत घडवायचं.

भाषा न येणारा नवा माणूस ओल्या, उष्ण, धुळीच्या खात्यांत जाई, लोकर धुवायला किंवा रंगखात्यात. साच्यांची दुरुस्ती करणाऱ्याचा मान मोठा. आपल्याकडच्या जॉबरसारखा तो नुसत्या आवाजावरून कुठला साचा बिघडतोय ते ओळखी. तिथवर पोचायला वर्षं लागत.

आता तासांचा हिशेब, कारण छंदाची सगळी गोष्ट त्यावर अवलंबून आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये बायका-मुलांसाठी आठवड्याच्या कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा होती. १८९२ साली ५८ तास, १९१० साली ५६, १९१२ साली ५४, १९१९ साली ४८. कायदा बायका-मुलांचा, पण एकाच खात्यात बायका आणि पुरुष बरोबर काम करत, त्यामुळे गिरणीचं घड्याळ सगळ्यांसाठी त्यावरच लागे. १९१२ साली तास कमी झाले तसा मालकांनी पगारही कापला, आणि लॉरेन्स या गिरण्यांच्या शहरात हजारो कामगार दोन महिने संपावर गेले. शेवटी पगारवाढ घेऊनच ते परतले. १९३८ च्या केंद्रीय कायद्याने आठवडा हळूहळू ४० तासांवर आणला.

५८ वरून ४८ म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात रोजचा दीड तासाहून जास्त वेळ हाती आला. संध्याकाळी जेवण झाल्यावर जाग असलेला, हातात थोडी ताकद उरलेला दीड तास. लाकडी पक्षी त्या दीड तासात तयार झाला. छंद म्हणजे आवड असली की झालं, असं आपण सहज बोलतो. गिरणी कामगाराच्या बाबतीत ते खरं नाही. त्याच्या छंदासाठीचा वेळ कुणीतरी लढून मिळवलेला होता.

संध्याकाळचं काम

फिनिश भाषेत एक शब्द आहे : 'पुहदेत्यो'. 'पुहदे' म्हणजे हिवाळ्यातली अंधारी वेळ आणि 'त्यो' म्हणजे काम. फिनलंडमध्ये हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, शेतात बर्फ असतं. मग चुलीच्या किंवा दिव्याच्या उजेडात घरातले सगळे काहीतरी करत बसतात. पुरुष चमचे, दाताळ्यांचे दांडे, टोपल्या करतात. बायका कातणं-विणणं करतात. म्हणजे अमेरिकेत ज्याला छंद म्हटलं गेलं ती गोष्ट या माणसाला लहानपणापासून घरकाम म्हणून येत होती. तिकडे चमचा लागायचा म्हणून कोरायचा. इकडे चमचे दुकानात मिळत होते, तरी हात थांबत नव्हते.

पक्षी कसा करतात ते जवळून बघू. लाकूड सरळ रेषांचं हवं, गाठ नको. फिनलंडमध्ये पाइन, अमेरिकेच्या पूर्वेकडे पांढरा सीडर चालतो. बोटभर रुंदीचा, वीतभर लांब तुकडा घ्यायचा आणि पाण्यात भिजवायचा, कारण कोरडं लाकूड वळवताना मोडतं. पक्ष्यासाठी बहुतेक वेळा दोन तुकडे लागतात : एकातून धड आणि शेपटी, दुसऱ्यातून पंख. हत्यार एकच, 'पूक्को'. ही छोट्या पात्याची, एका बाजूने धार असलेली फिनिश सुरी. मूठ पुष्कळदा बर्च लाकडाची.

आधी तुकड्याच्या टोकांना पिसाच्या टोकाचा आकार द्यायचा. मग एका जागी दोन्ही बाजूंनी खाचा घेऊन लाकूड अगदी अरुंद करायचं. ही पक्ष्याची कंबर. याच्यावर पुढचं सगळं अवलंबून, कारण प्रत्येक पीस इथून वळणार. आता सुरी उभी धरून रेषेच्या दिशेने लाकूड चिरायचं, एकेक मिलिमीटरचे पापुद्रे, पण कंबरेपर्यंतच. सुरी पुढे सरकली तर पीस तुटून हातात येतं. मागे थांबली तर पीस वळत नाही. अंगठ्याने पात्याच्या मागून नेट द्यायचा. दहा-पंधरा पापुद्रे झाले की पहिला अलगद फिरवायचा, दुसरा फिरवून त्याच्या खाचेत अडकवायचा, तिसरा दुसऱ्याच्या खाचेत. अडकत अडकत पंखा उघडतो. एकमेकांच्या आधाराने सगळी पिसं उभी राहतात. वाळल्यावर ती तशीच राहतात. दोन्ही तुकडे खाचेने एकमेकांत बसवले की पक्षी झाला. उत्तर युरोपात हा पक्षी जेवणाच्या टेबलावर टांगत. पवित्र आत्म्याचं रूप म्हणून, किंवा घराला बरकत यावी म्हणून.

असा पक्षी हातात आला तर कंबर बघावी. शिकाऊ माणसाची कंबर जाड असते आणि पिसं ताठ राहतात. ज्याने शंभर पक्षी केलेत त्याची कंबर काडीसारखी असते. खाचांची उतरंड डावखुऱ्या माणसाची आहे की उजव्या, हेही पुष्कळदा ओळखू येतं. ही माहिती कुठल्या जनगणनेत मिळणार?

बायकांच्या हातचं काम तर आणखी थक्क करणारं. दिवसभर गिरणीत साचे सांभाळणारी बाई घरी येऊन पुन्हा मागावर बसायची. चिंध्यांची सतरंजी, फिनिशमध्ये 'रॅसुमातो'. जुने कपडे, चादरी, गिरणीतले उरलेले तुकडे फाडून त्यांच्या पट्ट्या करायच्या, गोळे गुंडाळायचे आणि बाण्याच्या जागी त्या विणायच्या. आपली गोधडी आणि सतरंजी यांचं मिश्रण म्हणा. घरचा माग पुष्कळदा गल्लीतल्या सुताराने केलेला, आणि चार घरं मिळून तो आळीपाळीने वापरत. गिरणीतल्या कापडाचा नमुना दुसऱ्याने ठरवलेला असे. इथे लाल पट्टीनंतर निळी घ्यायची की करडी हे ती ठरवायची. जनगणनेत अशा बाईच्या नावापुढे धंद्याच्या रकान्यात पुष्कळदा 'काही नाही' लिहिलेलं असतं. मला हा अन्याय फार लागतो.

कुणी पाच तारांचं कांतेले बनवायचं. एका ओंडक्यातून कोरलेलं हे तंतुवाद्य. फिनिश महाकाव्य कालेवालात वृद्ध गायक वायनामोयनेन पहिलं कांतेले एका प्रचंड माशाच्या जबड्याच्या हाडातून करतो. कुणी ॲकॉर्डियन वाजवायचं. कुणाला रेडिओची ओढ. १९३० च्या जनगणनेत घरात रेडिओ आहे का असा रकाना होता. असेल तर इंग्रजी 'आर' अक्षराची खूण. सरकारी कागदावर छंदाची चाहूल लागते ती अशी एखादीच.

छंद एकट्याचा नसायचा

आठवड्याच्या शेवटी सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायचं लाकडी न्हाणीघर. शनिवारी आख्खी गल्ली आळीपाळीने जायची. आणि मग 'हाल', म्हणजे फिनिश लोकांचं सभागृह. गावोगावच्या फिनिश वस्त्यांनी अशी सभागृहं स्वतः बांधली. तिथे नाटकं बसवत, पितळी वाद्यांचा सात जणांचा ताफा असे, कसरती असत, नाच असत, ग्रंथालय असे. बांधणी 'तल्कोत' पद्धतीने : सगळ्यांनी मिळून काम उरकायचं, मजुरी नाही, जेवण मात्र पोटभर. आपल्या खेड्यांतली इर्जिक डोळ्यांपुढे आणा.

दुकानही असंच मिळून. मेनार्डच्या फिनिश कामगारांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'कालेवा' नावाची सहकारी संस्था काढली. पुढे ती सगळ्या गावाची झाली, किराणा, दूध, पाव, कोळसा पुरवू लागली आणि काही दशकं टिकली. जवळच्या फिचबर्गमध्ये १९०५ साली 'राइवाया' हे फिनिश समाजवादी वर्तमानपत्र सुरू झालं. राइवाया म्हणजे रान तोडून शेत करणारा. ते शंभरहून जास्त वर्षं निघत होतं. त्याच्या संपादकांमध्ये ओस्करी तोकोई होते. तरुणपणी अमेरिकेच्या खाणींत मजुरी केलेले, मायदेशी परतून १९१७ साली फिनलंडच्या सरकारचे प्रमुख झालेले, आणि यादवी युद्धानंतर देश सोडून पुन्हा अमेरिकेत आलेले. ते १९६३ साली वारले ते मॅसॅच्युसेट्समध्येच. एखाद्या मजुराच्या पेटीत या पत्राची कात्रणं निघाली, तर तो कुठल्या बाजूचा होता याचा अंदाज येतो.

बाजू होत्याच, आणि त्या दुखऱ्या होत्या. चर्चची माणसं वेगळी, दारूबंदीवाली वेगळी, हालमधली समाजवादी वेगळी. एका गल्लीत राहून कित्येक घरं एकमेकांच्या लग्नांना जात नसत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेतले सहा हजारांवर फिनिश लोक नवा समाज घडवायच्या आशेने फिनलंडला लागून असलेल्या सोव्हिएत करेलियात गेले. हत्यारं, यंत्रं, साठवलेला पैसा घेऊन गेले. सोव्हिएत सरकारच्या १९३७-३८ च्या दमनात त्यांतल्या पुष्कळांना गोळ्या घातल्या गेल्या. एखाद्या घरातल्या काकाबद्दल कुणी काहीच बोलत नाही, त्याची पत्रं एका वर्षी एकदम थांबतात, त्यामागे हे असू शकतं. अशा घरी वस्तूंबद्दल विचारावं, राजकारणाबद्दल नंतर. सुरी कुणाची, ॲकॉर्डियन कुठून आलं, हे विचारलं की म्हातारी माणसं बोलू लागतात.

गिरणी बंद झाली

अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्याने फिनलंडच्या वाट्याला वर्षाला फक्त ४७१ जागा आल्या आणि नव्या माणसांचा ओघ आटला. मुलं इंग्रजीत बोलू लागली. घरात एक मिश्र बोली तयार झाली होती : मोटार म्हणजे 'कारा', झोपायची खोली म्हणजे 'पेतिरूमा'. फिनलंडहून आलेला पाहुणा ती ऐकून चक्रावायचा. मेनार्डची गिरणी १९५० साली बंद पडली. १९५७ साली त्याच इमारतीत साडेआठ हजार चौरस फुटांच्या आसपास जागा भाड्याने घेऊन डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही संगणक कंपनी सुरू झाली, आणि पुढे जगातल्या मोठ्या संगणक कंपन्यांपैकी एक झाली. जिथे धोटा धावत होता तिथे तारा जोडल्या जाऊ लागल्या.

कागद जपणाऱ्या संस्था आहेत. फिनलंडच्या तुर्कू शहरात १९७४ पासून स्थलांतर संस्था आहे. पासपोर्ट आणि बोटींच्या याद्या तिथे शोधता येतात. मिशिगनमधल्या हॅनकॉक गावचं फिनिश लोकांनी १८९६ साली काढलेलं महाविद्यालय २०२३ साली बंद पडलं, तेव्हा तिथल्या संग्रहाचं काय होणार ही मोठी काळजी होती. अमेरिकेतल्या फिनिश लोकांच्या एका प्रतिष्ठानाने तो आपल्याकडे घेतला. पण अशा संस्थांकडे कागद जातात. पक्षी, सतरंजी, अर्धवट कोरलेला चमचा घर आवरताना कचऱ्यात जातो, कारण त्यांवर नाव नसतं.

म्हणून नाव लिहा. साध्या पेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठीवर : कुणी केलं, कुठल्या खोलीत बसून, कशाचं, कुणासाठी. चिठ्ठी चिकटवू नका, दोऱ्याने बांधा. पक्ष्याला कोरड्या पेटीत टांगूनच ठेवा, दाबून ठेवला तर कंबर तुटते. आणि सतरंजी असेल तर तिची शिवलेली कड किंचित उकलून बघा. दुमडीच्या आत ऊन पोचलेलं नसतं. तिथे प्रत्येक पट्टी ज्या रंगाची मागावर चढली, त्याच रंगाची अजून असते.